आजेसासूबाईंची काश्मिरी शाल आणि कपाटातली कसर

शिवाजीपेठकरीण

नमस्कार मंडळी. दसरा झाला की कपाटं उपसायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा त्यात आजेसासूबाईंची काश्मिरी शाल माझ्या वाट्याला आली. मोतिया रंग, दोन्ही पदरांवर मरून आणि हिरव्या कुयऱ्या, कडेनं बारीक वेल, सगळं हातानं भरलेलं. लोखंडी कपाटाच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, वर डांबरगोळ्या टाकून ठेवलेली होती.

आता रडगाणं. कुबट वास येतोय. मधल्या घडीवर पिवळट रेघ उमटलीय. एका कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी तीन-चार भोकं आहेत आणि त्यांच्या आसपास बारीक, शालीच्याच रंगाचे कण चिकटलेत. सासूबाई म्हणतात ड्रायक्लीनला टाक. जाऊबाई म्हणतात रिठ्यात धू. नवरा म्हणतो फ्रेम करून भिंतीला लाव. डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे, तेव्हा अंगावर घ्यायची फार इच्छा आहे. जाणकारांनी सांगा, आधी काय करू?

तांबडापांढरा

ताई, आमच्यात शालींचा ढीग हाय बगा. आबा तालमीचं अध्यक्ष हुतं, त्यामुळं दर सत्काराला एक शाल. नारळ खाऊन संपलं, शाली ऱ्हायल्या. एक बी गरम न्हाई, पण एकीला बी कसर लागल्याली न्हाई. वीस वर्सं झाली, हाय तशी चकाचक! तुमची भारीतली असून हे हाल कसं काय?

लोकरीचा माणूस

तांबडापांढरा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कसरीची अळी केराटिन खाते, म्हणजे लोकर, केस, पिसं. सत्काराच्या शाली बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या नाहीतर व्हिस्कोसच्या. त्यात तिला खायला काही नाही. शिवाजीपेठकरीण ताईंच्या शालीला भोकं पडलीत, म्हणजे निदान ती अस्सल लोकर आहे एवढं तरी किड्यानं प्रमाणित केलं.

माझी उभी हयात इचलकरंजीत सूत-कापडात गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो. शालीला हात लावण्याआधी ती कशाची आहे ते बघा. दशांमधला एक सुटा धागा घ्या, चिमट्यात धरून बशीवर जाळा. केस जळल्याचा वास आला, ज्योत लांब नेल्यावर आपोआप विझली आणि राख चिमटीत चुरली तर लोकर. कागदासारखा भुर्रकन जळला तर व्हिस्कोस किंवा सुती. वितळून टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा तसलंच काही. भरतकामाचा धागा वेगळा असू शकतो, रेशमी, सुती किंवा व्हिस्कोसचा. धुताना घोळ होतो तो तिथंच.

या परीक्षेनं लोकर कळते, पश्मिना कळत नाही. अंगठीतून शाल ओढून दाखवतात ते तर सोडूनच द्या. पातळ व्हिस्कोस अंगठीतून आणखी झरकन जातं. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग भागातल्या चांगथांगी बकरीची आतली मऊ लव. चार हजार मीटरच्या वर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत ती वाढते आणि वसंतात विंचरून काढतात. काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची अट अशी की तंतू १६ मायक्रॉनपर्यंतच जाड, सूत हातानं कातलेलं, कापड हातमागावरचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा. पश्मिना आणि दुसऱ्या बारीक लोकरीतला फरक डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. श्रीनगरला क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये तपासणी केंद्र आहे, तिथून तपासलेल्या शालीला लेबल लागतं.

आपल्याकडे जुन्या घरांत 'पश्मिना' म्हणून जे निघतं त्यातलं बरंच रफल असतं, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक लोकर. त्यात कमीपणा काही नाही. रफलवरचं उत्तम सोझनी काम, म्हणजे सुईनं केलेलं बारीक भरतकाम, हलक्या पश्मिन्यावरच्या भसाड्या कामापेक्षा मला केव्हाही चालेल. आणि काळजी दोघांची एकच.

सुईदोरा

वरच्याला दुजोरा. राजारामपुरीत भरतकामाचे वर्ग घेते, म्हणून कामाबद्दल बोलते. शाल उलटी करून उजेडात धरा ताई. हाताच्या सोझनीत टाका इतका लहान असतो की सुई कापडाचा जेमतेम एखाद-दुसरा धागा उचलते. मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच नेटकी दिसते, गाठी सापडत नाहीत, पण दोन शेजारच्या कुयऱ्या हुबेहूब एकसारख्या नसतात. एकीचं शेपूट किंचित जास्त वळतं, एकीत पानाचा हिरवा मध्येच बदलतो, कारण तिथं कारागिरानं नवी लडी घेतलेली असते. मशीनच्या कामात मागे दुसऱ्याच धाग्याचं जाळं दिसतं आणि सगळे नमुने छापल्यासारखे एकसारखे. आकडीनं साखळी टाका घातलेला असेल तर ते आरी काम. ते भराभर होतं, पण एक टाका तुटला आणि धागा ओढला गेला की सरसर उसवतं.

आणि काही शालींत भरतकाम नसतंच. कानी शालीत नक्षी मागावरच विणतात. रंगागणिक वेगळी लाकडी काडी, आणि विणकरापुढे 'तालीम' नावाचा सांकेतिक लिपीतला कागद, कुठला रंग किती धाग्यांवर न्यायचा ते सांगणारा. अशी शाल एखादीच्या घरी निघाली तर इथं विचारत बसू नका, थेट जाणकाराकडे न्या.

शिवाजीपेठकरीण

दशांचा धागा जाळला, केसांचाच वास. मागे गाठी नाहीत, कुयऱ्या एकसारख्या नाहीत. सासूबाई एकदम मवाळ झाल्या आहेत. पण ते कण कसले?

लोकरीचा माणूस

ती अळीची विष्ठा. ज्या रंगाची लोकर खाल्ली त्या रंगाची पडते, म्हणून तुम्हाला शालीच्या रंगाची दिसतेय. कपाट उघडल्यावर जो इवलासा फिकट सोनेरी पतंग फडफडतो तो स्वतः काही खात नाही, अंडी घालून मरतो. खाते ती अळी. तिला अंधार हवा, निवांतपणा हवा आणि घामाचा, तेलाचा, जेवणाच्या डागांचा अंश असलेली लोकर सगळ्यात आधी हवी. लग्नात पांघरून आल्यावर शाल तशीच घडी करून तळाशी ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण.

म्हणून आधी किडा मारा, धुणं नंतर. अंगणात पांढरी चादर पसरा, शाल हलक्या हातानं झटका, घड्या आणि दशा मऊ ब्रशनं साफ करा. मग सुती कापडात गुंडाळा, त्यावर घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, शक्य तेवढी हवा काढून, आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. उणे १८ अंशांच्या आसपास थंडी हवी, वरचा बर्फाचा कप्पा वारंवार उघडला जात असेल तर उपयोग नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी शालीवर जमतं आणि कुबट वासात भर पडते.

कपाटही रिकामं करून कोपरे, फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमनं साफ करा. त्याच कपाटातले बाकीचे लोकरीचे कपडे तपासा. एकट्या शालीवर उपचार करून परत तिथंच ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

तांबडापांढरा

आजेसासूबाईंची शाल फ्रीजमधी, आईस्क्रीमशेजारी! नाद खुळा.

वेखंडवाली

अहो, फ्रीझर कशाला? आमच्या आईनं सगळ्या पैठण्या आणि शाली वेखंडावर राखल्या. मलमलीच्या पोटलीत वेखंडाचे तुकडे, सावलीत वाळवलेली कडुलिंबाची पानं, थोडा कापूर. डांबरगोळ्यांचं तर नाव नको. तो वास लग्नात चार ओळी पलीकडे येतो.

लोकरीचा माणूस

वेखंडवाली ताई, पोटली हवीच, पण तिचं काम राखण करण्याचं. वासानं पतंग लांब राहतात, आत बसलेली अळी त्यानं मरत नाही. या ताईंच्या घरात चोर आधीच शिरलाय. आधी फ्रीझर, मग वेखंड. वास उडाला की पोटली बदलायची, आणि ती शालीला टेकवायची नाही, तेल उतरून डाग पडतात. पूर्वी काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा पेट्यांत पॅचौलीची पानं घालून पाठवत. आपल्या गजऱ्यातल्या पाचेच्याच जातकुळीतली ती.

डांबरगोळ्यांबद्दल तुमच्याशी सहमत, पण कारण वासापेक्षा मोठं आहे. त्या गोळ्यांची वाफ कोंडून राहिली तरच त्या काम करतात, रोज उघडणाऱ्या कपाटात नुसता वास उरतो. आणि जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे गंभीर कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बारशाला आजीची शाल काढून थेट बाळाला गुंडाळायची हौस असेल तर हे लक्षात ठेवा. आणि कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र कधीच नकोत. दोन्ही एकमेकांना लागले की पाघळतात आणि तो तेलकट डाग जाता जात नाही.

पंचगंगेचं पाणी

२०१९ च्या पुरात आमचा नागाळा पार्कातला तळमजला पाण्यात होता. कपाटातल्या लोकरीच्या शाली चिखलात भिजल्या. तेव्हा काय कामाला आलं ते लिहितो, कारण कोल्हापुरात हा प्रश्न पुन्हा येणारच. चिखल वाळू द्यायचा नाही. वाळला की घासावा लागतो आणि घासलं की भरतकाम गेलं. स्वच्छ गार पाण्याच्या टपात शाल आडवी ठेवून पाणी बदलत राहायचं, गढूळपणा संपेपर्यंत. साबण त्यानंतर. नळाची धार थेट भरतकामावर सोडायची नाही. रंग जाणारी शाल वेगळ्या टपात. रंग जाणारी आणि पांढरी एकत्र ठेवली की दोन्ही गेल्या.

सुईदोरा

छान सांगितलंत. आता मूळ शालीचं धुणं. ताई, तुमच्या शालीत मोतिया जमिनीवर मरून काम आहे, म्हणजे धोका आहे तो मरूनचाच. पांढरा सुती रुमाल ओला करा, एका कुयरीच्या मागच्या बाजूला थोडा वेळ दाबून धरा. मग हिरव्यावर तसंच. रुमालावर रंगाची पुसट छटा जरी आली तरी घरी पाणी लावायचं नाही, सरळ ड्रायक्लीन.

रंग पक्का निघाला तर मोठ्या टपात गार पाणी, त्यात लोकरीचा सौम्य द्रव साबण चमचाभर. नेहमीची कपड्यांची पावडर नको. तिच्यात बहुधा प्रथिनांचे डाग फोडणारे एन्झाइम असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं, त्यामुळे त्या पिवळ्या रेघेवर कुणी काही सुचवलं तरी ब्लीच लावू नका. रिठा चांगला, काश्मीरमध्येही वापरतात, पण फिकट रंगावर तो तांबूस झाक सोडू शकतो. जाऊबाईंना सांगा, गडद शालीला रिठा, मोतियाला नको.

शाल टपात बुडवून फक्त वरखाली दाबायची. चोळायची नाही, पिळायची नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, उष्णता, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाजमासारखी, जाड होते. तिथून परतीची वाट नाही. धुण्याचं आणि खंगाळण्याचं पाणी एकाच तापमानाचं ठेवा. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर. उचलताना दोन्ही हात खाली घालून उचला, एका टोकाला धरून उचलली तर ओल्या लोकरीचं वजन तिला ताणतं. मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवी पसरा. दोरीवर घालायची नाही. पुरती वाळायच्या जरा आधी, उलट बाजूनं, वर मलमलचा कपडा ठेवून कोमट इस्त्री.

शिवाजीपेठकरीण

मरूननं रुमाल गुलाबी केला. म्हणजे ड्रायक्लीनच. पण भीती वाटते. मागे एका लॉन्ड्रीनं माझी सिल्कची साडी परत दिली तेव्हा पदरात स्टेपलरची पिन होती, काढताना धागा गेला.

सुईदोरा

म्हणूनच देताना तोंडानं सांगायचं. बिल्ला स्टेपल करायचा नाही, दशांना सुती धाग्यानं बांधायचा. भोकं आणि डाग आधीच दाखवून पावतीवर लिहून घ्यायचे. शाल वेगळी धुवा म्हणायचं, रंगीत ढिगात नाही. आणि रोल पॉलिश नको! साड्यांची सवय असल्यामुळे काही जण शालही रोलवर घालतात. त्या दाबानं उठावदार भरतकाम चपटं होतं. परत आली की प्लास्टिकचं कव्हर काढून एक-दोन दिवस खोलीत पसरून ठेवा, रसायनाचा वास गेल्याशिवाय कपाटात नको.

गुजरीकर

मी मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या काकांकडे जुनी शहातूस आहे. खरी. कुणाला हवी असल्यास…
(विक्रीची चौकशी असल्यामुळे उरलेला प्रतिसाद काढला आहे. – संपादक)

लोकरीचा माणूस

गुजरीकर, हे इथंच थांबवा. शहातूस ही चिरू या तिबेटच्या पठारावरच्या हरणाची लोकर. बकरीसारखी ती विंचरून मिळत नाही, त्यासाठी चिरू मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चिरूला सर्वांत वरच्या अनुसूचीतलं संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारही सत्तरच्या दशकापासून बंद आहे. विकणं, विकत घेणं, दोन्ही गुन्हा. काकांना सांगा, कुणाला दाखवत फिरण्याआधी वकिलाला विचारा आणि वनखात्यात चौकशी करा. शिवाय 'शहातूस' म्हणून दिलेली शाल अनेकदा साधी पश्मिनाच असते, पण ते ठरवायची जागा हा चर्चेचा धागा नव्हे.

बिरदेवाचं चांगभलं

इतकं सगळं वाचून आमच्या पट्टणकोडोलीच्या घोंगडीचा अभिमान वाटला. चिंचोक्याची खळ दिलेली दख्खनी लोकर. पावसात पांघरा, रानात अंथरा, उन्हात टाका, काठीनं झोडा. तिला फ्रीझर लागत नाही की वेखंड.

लोकरीचा माणूस

मान्य, दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीचा काटकपणा पश्मिन्याला कुठून येणार? पण घोंगडी टिकते त्याचं अर्धं श्रेय वापराला आहे बरं का. ती रोज उलगडते, उजेड बघते, झटकली जाते. अळीला निवांत बसायला वेळच मिळत नाही. तीच घोंगडी घडी करून दोन पावसाळे माळ्यावर ठेवा, मग बघा. शालीला झोडायचं नाही, पण घोंगडीचा हा गुण तिलाही लावायचा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद लोखंडी कपाटातली हवा नुसती दमट असते. वर प्लास्टिकची पिशवी म्हणजे आतली ओल आतच. सुती कापडात गुंडाळून ठेवा. नवं मांजरपाट असेल तर आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा, त्या खळीवरही किडे येतात. पावसाआधी आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत शाल बाहेर काढून सावलीत तासभर वारा द्या. कडक उन्हात नको, रंग उडतो. आणि दर वेळी घडी नव्या जागी. तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की तंतू तिथंच मोडतात, शाल घडीवर विरते. तुमची पिवळी रेघ नेमकी तिथं आहे. ड्रायक्लीननं थोडी फिकी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. मी असतो तर तिच्या मागे लागलो नसतो.

शिवाजीपेठकरीण

पुढची खबरबात. सुती कापड, पिशवी, डीप फ्रीझर झालं. (आमचा नाही, शेजारच्या काकूंचा. त्यांनी मटाराच्या पिशव्या एका बाजूला सारून जागा करून दिली.) नंतर ड्रायक्लीन, वरच्या सगळ्या सूचना पावतीवर लिहून. लॉन्ड्रीवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पावतीकडे, पण केलं व्यवस्थित. वास गेला. रेघ फिकी झाली, आहे. आता भोकं. एक जण म्हणाला मशीननं रफू करून देतो, दुसरा म्हणाला त्यावर नवं फूल भरून टाकू.

सुईदोरा

मशीनचं रफू अजिबात नको, तिथं कडक ठिपका राहतो. फूलही नको, निदान मोकळ्या जमिनीवर तरी नको. कोपऱ्यातली तीन-चार भोकं झाकायला तिथं एकटंच फूल बसवलं की नजर आधी तिथंच जाणार. हातरफू करणारा कारागीर शोधा. चांगला रफूगर शालीच्याच कडेच्या आतल्या दुमडीतून नाहीतर दशांतून धागा काढतो आणि भोकाच्या चारी बाजूंनी वीण पुन्हा बांधत आणतो. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद या कामासाठी पूर्वापार नावाजलेलं, तिथले रफूगर शालींच्या व्यापाऱ्यांबरोबर गावोगाव फिरतात. हिवाळ्यात कोल्हापुरात काश्मिरी शालींची प्रदर्शनं लागतात तिथं विचारा, एखाद्या स्टॉलवाल्याची ओळख असते. शाल हातात देण्याआधी त्याचं आधीचं काम उजेडाकडे धरून बघा. आणि तोपर्यंत भोकाच्या कडेचे सुटे धागे ओढू नका, कापू नका.

शिवाजीपेठकरीण

लग्नाआधी होईलसं वाटत नाही. ती बाजू आत घेऊन पांघरते. शेवटचा प्रश्न, खांद्यावरून घसरू नये म्हणून साडीला पिन करू का? आणि अत्तर?

वेखंडवाली

पिन भरतकामाच्या जाड भागात नको आणि पातळ लोकरीतही नको, नवं भोक पडेल. डाव्या खांद्यावर टाकून उजव्या हाताखालून घ्या आणि टोक हातावर ठेवा. आमच्या आत्या आयुष्यभर तशाच घ्यायच्या, पिनेला कधी हात लावला नाही. अत्तर आधी मनगटाला लावा, वाळू द्या, मग शाल घ्या. आणि पंगतीत बसण्याआधी ती उतरवून कुणा शहाण्या माणसाकडे द्या.

तांबडापांढरा

शहाणा माणूस पंगतीत आदुगर बसल्याला असतोय, ताई.